सल्ला: "पोटातलं लेकरू बारीक आहे म्हणले, फड सोडून घरी येऊ का?"

पत्र

ताई नमस्कार. मी धारूर तालुक्यातला, वय २४, सध्या सांगलीकडं ऊसतोडीला आहे. बायको पण कोयत्यावर होती, संक्रांतीनंतर तिला चक्कर यायला लागली म्हणून गावाकडं आईपाशी सोडलं. पहिलंच बाळंतपण आहे. मागच्या आठवड्यात तालुक्याला सोनोग्राफी केली, ३२ आठवडे लिहिलंय, लेकराचं वजन १३५० ग्रॅम आलंय, वाढ कमी आहे डॉप्लर करा, अंबाजोगाईला दाखवा असं डॉक्टर म्हणले. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर आलाय पण मला काय कळत नाही. आई म्हणते लेकरू बारीक असलं की बाळंतपण सोपं जातं, चुलतभावाचं लेकरू दीड किलोचंच होतं आज पाचवीला आहे, आणि सारखी सोनोग्राफी केली तर लेकराला बाधते. मेडिकलवाल्यानं पावडर दिलीय ती चालू आहे. तिचे पाय सुजलेत पण ते सातव्या-आठव्यात सुजतातच म्हणते आई. पाळीची तारीख तिला नक्की आठवत नाही, पंचमीच्या आसपास म्हणते. दसऱ्यानंतर एक सोनोग्राफी झाली होती, तो कागद घरीच असंल. ती मशेरी लावते, ते पण सांगून ठेवतो. मुकादमाची उचल फिटलेली नाही, कारखाना बंद व्हायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. डॉक्टर सिझरसाठी घाबरवतेत का? मी येऊ का थांबू?

उत्तर

भाऊ, आधी आजचं काम सांगते, बाकीचं नंतर निवांत वाच. हे वाचलं की लगेच घरी फोन लाव आणि आशाताईला सांगून, नाहीतर उपकेंद्रात नेऊन, आजच्या आज बायकोचा बीपी मोजून घ्यायला सांग, लघवीची तपासणी पण. बीपीचा वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० आला, नाहीतर डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, पोटात वर बरगडीखाली दुखतंय, लेकरू नेहमीपेक्षा कमी हलतंय, अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय, यातलं एक जरी असलं तरी उद्याची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून सरळ अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज. आणि यातलं काहीच नसलं तरी उद्या सकाळी डॉप्लरला, म्हणजे नाळेतलं रक्त बघायच्या सोनोग्राफीला, न्यायचंच. डॉक्टरांनी सांगून आठवडा झाला आणि अजून कुणी नेलं नाही, हे वाचून मला खरंच काळजी वाटली.

पायाच्या सुजेवर लगेच बोलते. शेवटच्या महिन्यांत बऱ्याच जणींचे पाय सुजतात, आई म्हणते ते खोटं नाही. पण पाय सुजलेत आणि लेकराची वाढ पण कमी आहे असं दोन्ही एकदम आलं की बीपी बघितल्याशिवाय सोडायचं नसतं, कारण पहिलटकरणीचा बीपी वाढणं आणि लेकरू बारीक राहणं या दोन्हीचं मूळ बऱ्याचदा एकाच जागी असतं, वारेत, म्हणजे नाळेच्या टोकाला जी असते आणि जिच्यातून लेकराला पोषण मिळतं तिच्यात. आणि बीपी आतल्या आत वाढत राहिला तर कधी कधी झटके येईपर्यंत कळत पण नाही.

आता तो रिपोर्ट. १३५० ग्रॅम हे काट्यावर तोललेलं वजन नाही, सोनोग्राफीत लेकराचं डोकं, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजतात आणि त्यावरून मशीन हिशोब करून वजन सांगतं, त्यात १०-१५ टक्के इकडंतिकडं होऊ शकतं. म्हणजे खरं वजन साडेअकराशे पण असंल नाहीतर साडेपंधराशे पण असंल. ३२ आठवड्यांना सर्वसाधारण लेकरू पावणेदोन ते दोन किलोच्या दरम्यान असतं, म्हणून फरक धरून सुद्धा हे कमीच आहे. रिपोर्टवर पर्सेंटाइल म्हणून एक आकडा असतो तो बघ, १० च्या खाली म्हणजे त्याच आठवड्याच्या शंभर लेकरांत सगळ्यात बारीक दहातलं आणि ३ च्या खाली म्हणजे सगळ्यात बारीक तिघांतलं. ३ च्या खाली असलं तर बाकी काही न बघता डॉक्टर त्याला वाढ खुंटलेलं धरतात, १० ते ३ च्या मधलं असलं तर डॉप्लर कसा आहे त्यावर ठरतं.

पण हे सगळं उभं आहे ते "३२ आठवडे" या एका आकड्यावर, आणि तो आकडा कुठून आला तर पंचमीच्या आसपास. म्हणून दसऱ्यानंतरच्या सोनोग्राफीचा कागद मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तीन महिन्यांत लेकराची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून जी तारीख निघते ती जवळपास पक्की असते, त्या वयात सगळी लेकरं सारख्याच गतीनं वाढतात. सातव्या-आठव्या महिन्यात तसं राहत नाही, तेव्हा बारीक लेकरू आणि कमी दिवसांचं लेकरू पडद्यावर सारखंच दिसू शकतं. समज त्या कागदावरून हिशोब लावला आणि ती खरं तर ३० आठवड्यांचीच निघाली, तर १३५० ग्रॅम जवळपास ठीक वजन आहे. आणि ३४ ची निघाली तर गोष्ट आज वाटते त्यापेक्षा जास्त गंभीर आहे. आईला सांग ट्रंकेत, गादीखाली, रेशनकार्डाच्या पिशवीत जिथं असंल तिथून तो कागद काढा, फोटो तुझ्याकडं पाठवा आणि मूळ कागद माता-बाल कार्डासोबत अंबाजोगाईला घेऊन जा. नाहीच सापडला तर दोन आठवड्यांच्या अंतरानं परत माप घेतात आणि मधल्या काळात लेकरू किती वाढलं त्यावरून ठरवतात. त्याच्या आत वजनासाठी परत परत मोजून उपयोग नसतो, कारण वाढलेलं वजन कुठलं आणि मशीनची चूक कुठली हेच कळत नाही. डॉप्लरला मात्र असा नियम नाही, तो गरज पडली तर रोज सुद्धा करतात.

सारखी सोनोग्राफी केली तर बाधते का, तर नाही. सोनोग्राफी म्हणजे एक्स-रे नव्हे, त्यात आवाजाच्या लहरी असतात ज्या आपल्या कानाला ऐकू येत नाहीत. तिथं फॉर्म भरून घेतात, कागद मागतात, ते गर्भलिंग तपासणी होऊ नये म्हणून कायद्यानं लागतं, त्याला घाबरायचं काही कारण नाही.

आता लेकरू बारीक का राहतं. काही लेकरं मुळातच लहान चणीची असतात, आई पाच फुटाच्या आत, बाप पण बारका, लेकरू दोन-सव्वादोन किलोचं पण टणटणीत, त्याला काही होत नाही. दुसरी जी असतात ती मोठी व्हायची होती पण वारेतून रक्तच पुरेसं येत नाही म्हणून अडकली. ठिबकची नळी चोंदली की वर टाकीत कितीही खत सोडा, झाडाला ते मिळत नाही, तसंच होतं हे. म्हणून मेडिकलवाल्याच्या पावडरीनं तिला प्रोटीन मिळंल, पण वार त्यानं सुधरत नाही. वाईट काही नाही त्यात, फक्त पावडर चालू आहे म्हणजे इलाज चालू आहे असं समजून डॉप्लर लांबवू नका, मला भीती त्याची आहे. तसंच पूर्ण दिवस खाटेवर झोपवून ठेवल्यानं लेकरू वाढतं याला पण आधार नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते. जड काम बंद, पाण्याच्या घागरी बंद, पण घरात चालूफिरू द्या. आणि कुणी रक्तपुरवठा वाढवायची गोळी म्हणून सिल्डेनाफिल देत असंल तर घेऊ नका, नेदरलँड्समध्ये याच कामासाठी त्या गोळीचा अभ्यास चालू होता तो २०१८ मध्ये मधेच थांबवावा लागला कारण गोळी घेतलेल्या बायांच्या लेकरांना जन्मल्यावर फुप्फुसाचा त्रास झाला, काही दगावली पण.

मशेरीचं तू स्वतःहून सांगितलंस हे फार बरं केलंस, बरेच जण लपवतात. ती आजपासून बंद, शेवटची म्हणून एकदा पण नाही. मुंबईत १२१७ बायांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, त्यात मशेरी-तंबाखू वापरणाऱ्या बायांची लेकरं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरली आणि जन्मली पण थोडी आधी. ज्या लेकराचं वजन आत्ताच १३५० आहे त्याच्यासाठी शंभर ग्रॅम थोडे नसतात. तुझी आई पण लावत असंल, आणि घरात डबी समोर असली की सुनेला सोडणं अवघड जातं, म्हणून बाळंतपण होईपर्यंत डबीच घरातून बाहेर गेलेली बरी.

हे पण ऐक, तिनं ऊस तोडला म्हणून असं झालं का, मोळ्या उचलल्या म्हणून झालं का, हे तुझ्या डोक्यात चालू असणार. अवजड काम, उन्हातान्हात पाणी कमी, रक्त कमी, याचा भार पडतो हे खरं, पण वार नीट न रुजणं हे बऱ्याचदा पहिल्या तीन-चार महिन्यांतच होऊन गेलेलं असतं, त्यात तिचा काही दोष नाही, तुझा नाही आणि तुझ्या आईचा तर मुळीच नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. गरोदर बाईचं पोट साध्या शिवणकामाच्या टेपनं मोजलं तरी २४ आठवड्यांनंतर जितके आठवडे साधारण तितके सेंटिमीटर भरतात, दोन इकडंतिकडं, आणि तीन किंवा जास्त कमी भरलं की सोनोग्राफीला पाठवायचं असतं. पाच रुपयाच्या टेपचं काम आहे हे. पण आपल्या बीड, परभणी, हिंगोलीच्या ज्या बाया दिवाळीनंतर गाडीवर बसून जातात त्यांचं पोट चार-पाच महिने कुणीच मोजत नाही, नेमके तेच महिने ज्यात लेकरू वाढतं. गावाकडची आशाताई म्हणते ती इथं नाही, तिकडची म्हणते ती आमच्या यादीत नाही. माता-बाल कार्ड कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात फुकट तपासणी असते, २०१६ पासून, ती सांगलीत पण असते आणि धारूरला पण. हे टोळीतल्या बाकीच्या बायांना सांग. तुझ्या टोळीत आत्ता पण एखादी गरोदर असणारच.

डॉप्लरमध्ये काय बघतात ते सांगते म्हणजे रिपोर्ट आल्यावर घाबरणार नाहीस. त्याच सोनोग्राफी मशीनवर नाळेतून रक्त कसं वाहतंय ते बघतात. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पण नाळेत रक्त पुढं जात राहायला पाहिजे. ते कमी झालं म्हणजे वारेत अडथळा आहे, पूर्ण थांबत असंल तर फार काळजीचं, आणि उलटं मागं येत असंल तर लेकरू धोक्यात आहे, त्या रात्री तिला घरी ठेवायचं नसतं. दुसरं बघतात लेकराच्या मेंदूतल्या नसेत. कमी रक्तात भागवायचं असलं की लेकरू स्वतःच हातापायाचं, पोटाचं रक्त कमी करून मेंदूला जास्त देतं. म्हणून अशा लेकराचं डोकं बरोबर मापाचं आणि पोट बारीक असं दिसतं, लिव्हरमध्ये साठा होत नाही ना. रिपोर्टमध्ये पोटाच्या घेराचा आकडा डॉक्टर आधी बघतात तो यामुळं. केंब्रिजला जवळजवळ चार हजार पहिलटकरणींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, त्यात नुसतं लहान असलेल्या लेकरांना जन्मानंतर फारसा त्रास झाला नाही, त्रास झाला तो लहान असून ज्यांच्या पोटाचा घेर पण हळू वाढत होता त्यांना.

मग आधी कळून फायदा काय, कारण आतल्या आत वार दुरुस्त करायचं औषध तर आज जगात कुठंच नाही. फायदा असा की लेकरू आत ठेवणं जास्त धोक्याचं का बाहेर काढणं, हे दर काही दिवसांनी तोलता येतं, आणि काढायचं ठरलं तर कुठं आणि कधी ते आधीच ठरलेलं असतं. इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स भागात ९२ हजारांहून जास्त जन्मांचा हिशोब २०१३ मध्ये छापून आला. ज्यांची वाढ नीट होती त्यांच्यात हजारामागं २.४ लेकरं पोटात दगावली. वाढ खुंटलेली होती आणि आधी कळलं होतं त्यांच्यात ९.७. आणि वाढ खुंटलेली होती पण कुणाला कळलंच नाही त्यांच्यात १९.८. आधी कळलं म्हणून धोका गेला असं नाही, पण जिथं कळलं नाही तिथं तो जवळजवळ दुप्पट होता. तुझ्या बायकोचं आधी कळलंय. दुसरी बाजू पण सांगते नाहीतर अर्धवट होईल. नेदरलँड्समध्ये काही धोका नसलेल्या १३ हजार बायांवर २०१९ मध्ये अभ्यास झाला, सरसकट शेवटच्या तीन महिन्यांत सोनोग्राफी केली तर बारीक लेकरं जन्माआधीच जास्त सापडली, शंभर बारीक लेकरांतली १९ सापडायची तिथं ३२ सापडली, पण लेकरांच्या तब्येतीत मात्र फरक पडला नाही. म्हणजे नुसतं सापडून भागत नाही, सापडल्यावर पुढचं नीट करावं लागतं, आणि जिची तब्येत ठीक, पोट बरोबर वाढतंय तिला उगाच दर पंधरवड्याला सोनोग्राफीला पळवायची पण गरज नाही. तुझी बायको त्यात बसत नाही, तिच्या डॉक्टरांना वाढ कमी दिसलीय.

चुलतभावाचं लेकरू पाचवीला आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण दीड किलोची जी लेकरं वाचली त्यांची गोष्ट सगळ्या गावाला माहीत असते, आणि जी आठव्या महिन्यात पोटातच गेली त्यांच्या आईसमोर कुणी तो विषय पण काढत नाही, म्हणून सगळीच वाचतात असं वाटतं. आणि बारीक लेकरानं बाळंतपण सोपं जातं हे आपल्याकडं इतकं रुजलंय की काही घरांत शेवटच्या दोन महिन्यांत सुनेला भाकरी कमी वाढतात. आईला माझ्या वतीनं सांग, कळा येतात तेव्हा प्रत्येक कळेला लेकराचं रक्त थोडा वेळ कमी होतं, धष्टपुष्ट लेकरू ते सहन करतं, ज्याच्याकडं साठाच नाही ते मधेच गळून जातं. सुनेला पोटभर जेवू द्या, भाकरी, डाळ, शेंगदाण्याचं कूट, अंडी चालत असतील तर अंडी, आणि रक्तवाढीच्या, कॅल्शियमच्या गोळ्या सोडायच्या नाहीत.

तू विचारलंस डॉक्टर सिझरसाठी घाबरवतेत का. सिझर गरज नसताना होतात हे मला माहीत आहे, आणि तुझा संशय हवेतून आलेला नाही. पण या डॉक्टरांनी तिला स्वतःच्या ऑपरेशन टेबलवर घेतलं नाही, सरकारी मेडिकल कॉलेजला पाठवलं, त्यात त्यांचा काय फायदा? बाळंतपण कधी करायचं ते साधारण असं ठरतं, नाळेतलं रक्त अजून पुढं वाहतंय, कमी असलं तरी, तर ३७ आठवड्यांपर्यंत नेतात. मधल्या काळात आठवड्याला, कधी दोनदा तपासणी. रक्त थांबत असंल तर ३४ च्या आसपास. उलटं येत असंल तर ३०-३२ लाच, आणि तेव्हा बहुतेक सिझरच. पण ३७ पर्यंत पोचलं आणि लेकराचे ठोके नीट असले तर कळा आणून साधं बाळंतपण पण होतं. नेदरलँड्सच्याच एका अभ्यासात, २०१० चा आहे, ३६ आठवड्यांनंतर बारीक लेकरांसाठी कळा आणल्या तेव्हा सिझरचं प्रमाण वाट बघणाऱ्यांपेक्षा वाढलं नाही. लवकर काढायची वेळ दिसली आणि ३४ आठवडे झालेले नसले तर त्याआधी तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, डेक्सामेथासोनची, बारा-बारा तासांनी चार, लेकराची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून. नाव ऐकून नको म्हणू नका. भारतासह पाच देशांत याचा मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, इंजेक्शन मिळालेल्या गटात १०० लेकरांमागं १९.६ दगावली, न मिळालेल्या गटात २३.५.

म्हणून बाळंतपण जिथं नवजात लेकरांचा विभाग आहे तिथंच. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज, बीडचं जिल्हा रुग्णालय, लातूर, नांदेड, नाहीतर संभाजीनगरची घाटी, जे जवळ आणि जिथं तिची फाईल आहे ते. लेकरू आधी जन्माला घालून मग पदराखाली धरून जीपमधून पन्नास किलोमीटर न्यायचं, त्यात ते गार पडतं, आणि गार पडलेलं बारीक लेकरू सावरणं फार अवघड असतं. ते आईच्या पोटात असतानाच गाडीत बसवा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि आजारी लेकराचा इलाज फुकट आहे, जायला-यायला १०२ ची गाडी पण. कुणी बाहेरून आणा म्हणलं तर तिथं लगेच विचार, मागून भांडण्यात अर्थ नसतो.

तोपर्यंत घरी तिनं लेकराच्या हालचालीवर लक्ष ठेवायचं. आकडा पाठ करण्यापेक्षा आपलं लेकरू रोज कधी, किती हलतं हे तिला जितकं कळंल तितकं यंत्राला कळत नाही. आज कमी वाटतंय असं वाटलं की काहीतरी खाऊन-पिऊन डाव्या कुशीवर पडायचं आणि दोन तास फक्त त्याकडं लक्ष द्यायचं, दहा हालचाली भरल्या नाहीत तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. झोपताना कुशीवर झोपायचं, उताणं नाही. आणि आईला आत्ताच सांगून ठेव, लेकरू हलत नाही असं सून म्हणली की "झोपलं असंल" म्हणून समजूत घालायची नाही.

लेकरू जन्मल्यावर काय, हे पण आजच सांगते कारण त्या वेळी कुणाला सुचत नाही. अशा लेकरांना पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त त्रास होतो तो साखर कमी होण्याचा आणि अंग गार पडण्याचा, साठाच नसतो ना अंगात. नर्स टाचेतून थेंबभर रक्त काढून परत परत साखर बघतील, लेकराला किती टोचतात म्हणून अडवू नका. मग कावीळ, रक्त घट्ट होणं, दूध ओढायची ताकद नसणं, जंतुसंसर्ग, यातलं एखादं होऊ शकतं. दवाखान्यातल्या काचेच्या गरम पेटीत ठेवलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. आईचं चीक दूध काढून वाटी-चमच्यानं नाहीतर नळीनं देतात, घुटी नाही, मध नाही, साखरेचं पाणी नाही, गाईचं दूध नाही.

आणि कांगारू पद्धत म्हणजे लेकराला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून धरायचं, वरून कपडा. हा मायाळूपणाचा प्रकार नाही, हा इलाज आहे. भारतासह पाच देशांत एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतल्या लेकरांवर हा अभ्यास झाला, २०२१ चा, जन्मल्याबरोबर छातीवर धरलेल्या लेकरांत २८ दिवसांत १२ टक्के दगावली, आणि नेहमीसारखं आधी पेटीत ठेवून तब्येत स्थिर झाल्यावर धरलेल्यांत १५.७. बापानं धरलं तरी चालतं. तिचं सिझर झालं, ती टाक्यांनी बेजार असली, तर ते काम तुझं आहे, आणि तुझी आई पण करू शकते.

घरी आल्यावर मालीश-अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि शेगडीचा शेक-धुरी त्या खोलीत अजिबात नको, एवढुशा फुप्फुसांना धूर झेपत नाही. आशाताईच्या भेटी पहिल्या दीड महिन्यात ठरलेल्या असतात, त्यांना वजन करू द्या. वजन दोन किलोच्या आत असलं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं तर तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करायचीच, वरून डोळे चांगले दिसतात म्हणून लोक जात नाहीत आणि नंतर उशीर होतो. कानाची पण करून घ्या. पुढं लेकरू बारीक आहे म्हणून बाटली लावून झपाट्यानं फुगवायच्या मागं लागू नका, पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांनी आजूबाजूच्या गावांतल्या लेकरांवर जे वर्षानुवर्षं काम केलं त्यात दिसलं की आपली लेकरं वजनाला कमी असली तरी अंगात चरबीचा वाटा जास्त घेऊन जन्मतात, अशांना पुढं साखरेचा आजार लवकर गाठतो. सहा महिने आईचं दूध, डॉक्टर लिहून देतील ते थेंब, आणि वेळेवर लसी. पुढच्या खेपेला दिवस राहिले की तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना हे सगळं सांगा, वारेच्या त्रासासाठी १६ आठवड्यांच्या आत रात्रीची ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू करतात, तिच्यासाठी योग्य आहे का ते तेच ठरवतील.

आता तुझा प्रश्न. तू ये. उचल मला कळते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, त्यातला अर्धा आधीच कापला गेलाय आणि पंधरा दिवस सोडले की पुढच्या वर्षी मुकादम तोंड फिरवणार ही भीती खोटी नाही. पण डॉप्लरला नेणं, कागदावर सही करणं, रात्री दोनला गाडी बोलावणं, हे सगळं तुझी आई एकटी कशी करणार, तिला तर रिपोर्ट वाचता पण येत नसंल. मुकादमाला डॉक्टरची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर दाखव आणि सांग की राहिलेला हिशोब पुढच्या हंगामात नाहीतर भावाच्या कोयत्यावर फेडतो, टोळीतल्या दोन वडीलधाऱ्यांसमोर बोल म्हणजे नंतर शब्द फिरत नाही. त्यानं नाही म्हणलं तरी ये. तू पोचेपर्यंत थांबायचं मात्र नाही, उद्या आशाताई आणि आई तिला डॉप्लरला घेऊन जातील, तू थेट अंबाजोगाईला उतर. येताना आधार, रेशनकार्ड, तिच्या नावाचं बँकेचं पासबुक यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेव. तिचा रक्तगट कार्डावर लिहिलेला आहे का ते बघून घे, आणि रक्त द्यायची वेळ आली तर येतील अशा दोन माणसांना गावातून आत्ताच सांगून ठेव.